निवृत्त स्पीडवे रायडर्सच्या आठवणी कशा जपायच्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पीडवे म्हणजे मोटोक्रॉसच ना?

नाही. पुण्यात सुपरक्रॉस पाहिलेल्यांचा हा गोंधळ हमखास होतो. मोटोक्रॉसमध्ये चढउतार आणि उड्या असतात. स्पीडवेचा ट्रॅक सपाट आणि लांबट गोल असतो, त्यावर बारीक कुटलेल्या दगडाचा थर असतो (त्याला शेल म्हणतात) आणि एका फेरीची लांबी 260 ते 425 मीटरच्या दरम्यान असते. चार रायडर, चार फेऱ्या, वळण कायम डावीकडे. मिनिटभरात एक हीट, म्हणजे एक शर्यत, आटोपते. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला भोपळा.

बाईक 500 सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच आणि ब्रेक नाहीतच. वजन किमान 77 किलो. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं आणि डाव्या बुटाला बांधलेला पोलादी तळवा जमिनीवर घासत बाईक सांभाळायची, हे या खेळाचं सगळं कसब. इथे सगळा हिशोब हीटमध्ये असतो, त्यामुळे चाहत्यांच्या आठवणीही हीटच्याच असतात. "त्या वर्षीची तेरावी हीट" एवढं म्हटलं तरी जुन्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

चाहत्यांनी रायडरचा सन्मान केल्याची ठळक उदाहरणं कोणती?

सर्वांत झगमगीत उदाहरण न्यूझीलंडच्या आयव्हन मेजरचं. 1968, 1969 आणि 1970 असं ओळीने तीन वेळा तो जगज्जेता झाला, तेव्हा दोन अमेरिकन चाहत्यांनी त्याच्या बाईकवर सोन्याचा मुलामा चढवून दिला. पुढे 1972, 1977 आणि 1979 धरून त्याची सहा विजेतेपदं झाली. त्याची बरोबरी करायला स्वीडनच्या टोनी रिकार्डसनला 2005 उजाडलं.

आम्हाला त्याहून जवळची वाटते ती पूर्व लंडनमधल्या कस्टम हाउसची वस्ती. तिथलं वेस्ट हॅमचं स्टेडियम 1972 मध्ये बंद होऊन तिथे घरं उभी राहिली. पण तिथल्या रस्त्यांना विल्किन्सन, यंग, हॉस्किन्स अशी नावं मिळाली. ब्लूई विल्किन्सन हा 1938 चा जगज्जेता आणि जॅक यंग 1951 आणि 1952 चा. यंगने पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा तो दुसऱ्या श्रेणीतल्या एडिनबरा संघाकडून खेळत होता. जॉनी हॉस्किन्स हे या खेळाच्या सुरुवातीच्या काळातले मोठे आयोजक. ट्रॅक गेला, तरी पत्ता लिहिताना माणसं आजही ही नावं लिहितात.

पोलंडमध्ये हे काम जास्त पद्धतशीर चालतं. लेश्नोचं स्टेडियम आल्फ्रेड स्मोचिकच्या नावाने आहे आणि त्याच्या स्मरणार्थ होणारी स्पर्धा 1951 पासूनची, म्हणजे तो गेला त्याच्या दुसऱ्याच वर्षीची. गोझुफचं स्टेडियम एडवर्ड यांत्साशच्या नावाने आहे आणि शहरात त्याचा पुतळाही आहे. तोरुन्यची मोटोअरेना (2009) मारियन रोझेच्या नावाने आहे, आणि ती ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव पेर योन्सन. हा स्वीडिश रायडर 1990 चा जगज्जेता आणि तोरुन्यचा लाडका. 1994 च्या अपघातानंतर तो चाकांच्या खुर्चीत आला. पाहुण्या देशातल्या आणि हयात असलेल्या रायडरचं नाव रस्त्याला द्यायचं, हा मोठेपणा आम्हाला पुतळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

मोठ्या रायडरचा नंबर कायमचा निवृत्त का करत नाहीत?

कारण क्लबच्या सामन्यात तो नंबर रायडरचा नसतोच, जागेचा असतो. ब्रिटिश लीगमध्ये 1 ते 7 हे संघातलं स्थान. कोणत्या हीटमध्ये कोण धावणार ते त्यावरून ठरतं. 1 नंबर निवृत्त केला तर सामन्याचा तक्ताच कोलमडेल. म्हणून नंबराऐवजी करंडकाला, प्रेक्षागाराला किंवा स्पर्धेला नाव देतात. सांघिक विश्वचषकाच्या करंडकाला पाच वेळच्या जगज्जेत्या उवे फुंडिनचं नाव आहे, ते याच रिवाजातलं.

रायडरच्या नावाने स्मृती-स्पर्धा भरवायची तर काय काय लागतं?

रूढ आराखडा 16 रायडर आणि 20 हीट्सचा. प्रत्येक जण पाच वेळा धावतो, दर वेळी समोर तिघे, म्हणजे उरलेल्या पंधराही जणांशी प्रत्येकाची एकदाच गाठ पडते. पाचही हीट जिंकल्या तर 15 गुण. शिवाय दोन राखीव रायडर हवेत. दर चार हीटनंतर ट्रॅक सारखा करायला ट्रॅक्टर फिरतो. सगळं धरून दोन तास सहज जातात. परवानगी त्या देशाच्या नियामक संस्थेची, आणि डॉक्टर व रुग्णवाहिका जागेवर असल्याशिवाय सुरुवातीच्या रेषेवरचा टेप वर जात नाही. रुग्णवाहिका जखमीला घेऊन गेली तर दुसरी येईपर्यंत स्पर्धा थांबते. म्हणून दोन ठरवा. पैसे वाचवायला एकीवर भागवलं की रात्री साडेनऊला चौदाव्या हीटवर स्पर्धा गुंडाळावी लागते आणि करंडक कुणाला द्यायचा यावर वाद होतो.

जुन्या रायडर्सची फेरी कधी ठेवायची? शेवटी नाहीच. तोपर्यंत अर्धे प्रेक्षक गाडी काढायला गेलेले असतात आणि ऐंशीतली माणसं गारठलेली असतात. पहिल्या हीटच्या आधी ठेवा, उघड्या ट्रकमधून किंवा उघड्या जुन्या मोटारीतून. चढायला पायरी, धरायला दांडा, आणि वेग चालण्याइतका. प्रत्येकाचं नाव, क्लब आणि वर्षं निवेदकाच्या हातात मोठ्या अक्षरात छापून द्या. बहुतेकांना कमी ऐकू येतं, तेव्हा आपलं नाव पुकारलं गेलं हे त्यांना खुणेने सांगणारा एक माणूस शेजारी बसवा.

मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला पीटर क्रेव्हनच्या नावाची स्पर्धा आहे. 1955 आणि 1962 चा हा जगज्जेता 20 सप्टेंबर 1963 ला एडिनबराच्या ओल्ड मेडोबँकवर पडलेल्या रायडरला चुकवताना कठड्यावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. अशा स्पर्धेत निवेदकाने अपघाताचं वर्णन करू नये. घरचे लोक प्रेक्षकांत बसलेले असतात.

एक मिनिट शांतता की एक मिनिट टाळ्या?

घरच्यांना विचारा आणि ते म्हणतील तसं करा. साधारणपणे अपघाती किंवा अकाली मृत्यू असेल तर शांतता, भरपूर आयुष्य जगून गेलेल्यासाठी टाळ्या. शांतता ठरली तर पिट्समध्ये आधी माणूस पाठवा. तिथे मेकॅनिक इंजिन गरम करत असतात, लाउडस्पीकरचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि विसाव्या सेकंदाला मागून कडकडाट सुरू होतो. ही चूक इतक्या ठिकाणी होते की मिनिट सुरू करण्याआधी पिट्समधून हात वर झाल्याची खूण घ्यायचीच.

जुन्या रायडरची बाईक समारंभात चालवून दाखवता येईल का?

येईल, पण बाईक दहा वर्षं दिवाणखान्यात उभी असेल तर आदल्या रात्री सुरू करायला जाऊ नका.

आधी क्लच. उभ्या बाईकच्या क्लचप्लेट एकमेकींना चिकटतात. लिव्हर दाबून बाईक ढकलून पाहा, मागचं चाक मोकळं फिरत नसेल तर क्लच उघडावा लागेल. ब्रेक नसलेल्या बाईकवर चिकटलेला क्लच म्हणजे थांबायची सोयच नाही. मग थ्रॉटल: मूठ सोडली की केबल खटकन परत यायला हवी. संथपणे येत असेल तर केबल बदला, तेल सोडून भागवू नका. मनगटाला बांधायची दोरी ओढल्यावर इंजिन बंद पडतं ना, हे उभ्याने तपासा.

इंधन ताजं मिथेनॉल. ते हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे अर्धवट भरलेल्या डब्यातलं मागच्या हंगामाचं वापरलं तर इंजिन फटफटतं. त्यात कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा जेट (इंधन सोडणारं बारीक छिद्र) ठेवून मिथेनॉल घातलं तर मिश्रण फार पातळ होतं आणि पिस्टन जळतो. पेट्रोलला एका भागामागे सुमारे 14.7 भाग हवा लागते, मिथेनॉलला 6.4. म्हणजे इंधन दुपटीहून जास्त जायला हवं.

तेल एरंडेलाचं. तोच तो जळका-गोडसर वास, ज्याच्यासाठी निम्मे म्हातारे चाहते पिट्सपाशी रेंगाळतात. एरंडेल आणि खनिज तेल एकत्र मिसळत नाही. टाकीत आधी कोणतं होतं ते माहीत नसेल तर सगळं काढून धुऊन मगच भरा. जुन्या जॅप इंजिनात तेल परत टाकीत येत नाही, जळून किंवा गळून बाहेर जातं. खाली थेंब पडले म्हणून घाबरू नका, खाली ट्रे ठेवा. थेंब पडायचे थांबले तर मात्र इंजिन लगेच बंद करा.

आगीची बाब सर्वांत गंभीर. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात जवळजवळ दिसत नाही. माणूस हात झटकतोय आणि दिसत काहीच नाही, असं झालं तर तो पेटला आहे असंच समजा. पाणी चालतं, मिथेनॉल पाण्यात मिसळून विरतं, म्हणून बादल्या भरून ठेवा. नळीला तोंड लावून मिथेनॉल ओढू नका. ते विष आहे, डोळे जातात.

फेरी झाल्यावर बाईक तशीच झाकून ठेवणं ही नेहमीची चूक. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून पेट्रोलने धुवा, कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत पातळ तेल फवारा, प्लग काढून इंजिन हाताने दोनचारदा फिरवा. हे केलं नाही तर महिनाभरात कार्ब्युरेटरच्या आत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साठते आणि जेट बुजतो.

आणि ही फेरी डांबरावर नको. रायडरनेही तरुणपणीच्या जोशात वळण मारायला जाऊ नये. चालवायची हौस त्याची असेल तर डॉक्टर, विमा आणि घरच्यांची संमती, तिन्ही लेखी घ्या.

फोटोत कोण आहे आणि कधीचा आहे, ते कसं ओळखायचं?

चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. गॉगल आणि चिखलात सगळे भाऊभाऊ दिसतात.

इंजिन पाहा. आडवं, दोन सिलिंडरचं डग्लस असेल तर 1920 चं दशक संपतानाचा काळ. उभं जॅप असेल तर 1930 च्या दशकापासून 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत काहीही. त्यानंतर चेकोस्लोव्हाकियातलं ईसो, जे पुढे जावा म्हणून विकलं गेलं. हो, म्हैसूरला जिची भावंडं बनली तीच जावा, फक्त हे इंजिन दिविशोवच्या कारखान्यातलं. चार व्हॉल्व्हचं वेस्लेक दिसलं तर 1970 च्या दशकाचा उत्तरार्ध किंवा नंतर. इटलीतलं जीएम 1980 च्या दशकापासून. आणि सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला असेल तर 1990 च्या दशकाच्या मध्याआधीचा फोटो नाही.

मग पाय. वळणावर डावा पाय मागे फरफटतोय तर तो सुरुवातीच्या काळचा, सिंडरच्या (जळक्या कोळशाच्या खड्यांच्या) जाड थरावरचा रायडर. पाय पुढे टेकलेला असेल तर नंतरचा. सुरुवातीच्या जागी टेप असतील तर 1930 च्या दशकाच्या सुरुवातीनंतरचा. त्याआधी चालत्या बाईकवर सुरुवात व्हायची. वाटीसारखं हेल्मेट जुनं, पूर्ण तोंड झाकणारं 1970 च्या दशकापासून पुढचं.

क्लब ठरवायचा तो छातीवरच्या जॅकेटच्या चिन्हावरून. हेल्मेटच्या कापडावरून यजमान की पाहुणा ते कळतं: ब्रिटिश लीगमध्ये लाल-निळं यजमानांचं, पांढरं आणि पिवळं पाहुण्यांचं. कृष्णधवल फोटोत लाल आणि निळं दोन्ही काळपट येतं, त्यावर पैज लावू नका. शेवटी पाठीवरचा नंबर. तारीख मिळाली की त्या दिवसाच्या प्रोग्रॅममध्ये (सामन्याच्या छापील पुस्तिकेत) त्या नंबरसमोरचं नाव पाहा. मात्र रायडर बदलला असेल तर छापलेलं नाव चुकीचं, पेनने वर लिहिलेलं बरोबर.

पेनने भरलेले जुने प्रोग्रॅम खराब समजायचे का?

उलट. कोरा प्रोग्रॅम म्हणजे नुसता छापील कागद. मधल्या पानावर कुणीतरी स्टँडवर उभं राहून भरलेले निकाल हीच त्याची खरी किंमत. खोडरबर जवळही आणू नका.

गंजलेली पिन असेल तर तिचे पाय आतल्या बाजूने बोथट पात्याने सरळ करून काढा. स्टेपल उपटायचं चिमट्याचं यंत्र पान फाडतं. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या शाई ओढून घेतात, पॉलिएस्टरच्या वापरा. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. फोटोच्या मागे नाव लिहायचं ते कडेला, मऊ पेन्सिलने. स्कॅन 300 डीपीआयवर पुरतो, पेनचे आकडे असलेलं पान मात्र 600 वर करा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हा संग्रह ठेवणाऱ्यांनी सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहाव्यात आणि कसर लागली का ते महिन्यातून एकदा पाहावं.

मीनाकारीच्या क्लब-बॅजखाली वर्षाच्या छोट्या पट्ट्या एकाखाली एक लटकवलेल्या असतात. त्या सुट्या करून विकू नका. एकाच चाहत्याने ओळीने किती हंगाम हजेरी लावली, ते त्या माळेवरूनच कळतं. पितळ चकचकीत करायची पावडर लावली तर मीना निस्तेज होतो. कोरडं मऊ कापड पुरे.

पाटीवर किंवा लेखात आकडे देताना काय चुकतं?

सरासरी. ब्रिटिश पद्धतीत गुण अधिक बोनस, भागिले हीट्स, गुणिले 4. समजा 40 हीट्समध्ये 96 गुण आणि 12 बोनस, तर 108 ला 40 ने भागून 4 ने गुणलं की 10.80. पोलंडमध्ये दर हीटमागे सरासरी काढतात, तिथे हाच माणूस 2.700 दिसेल. दोन्ही एका पाटीवर आले की वाचणाऱ्याला वाटतं पोलंडमध्ये बिचाऱ्याचं काही जमलं नाही.

बोनस म्हणजे आपल्याच जोडीदाराच्या पाठोपाठ, पण निदान एका प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहिल्याबद्दलचा गुण. तो संघाच्या धावफलकात धरत नाहीत. पोलिश निकालात 3, 2, w, d, 3 असं दिसलं तर w म्हणजे बाद, d म्हणजे बाईक बिघडली. u म्हणजे पडला आणि t म्हणजे टेपला धडकला. ही अक्षरं शून्य समजून पुसू नका. बिघाडाने गेलेली हीट आणि शेवटून पहिला आलेली हीट यांत चाहत्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ट्रॅकच राहिला नसेल तर जमायचं कुठे?

ट्रॅक असेल तिथेही कायमचा भरवसा धरू नका. विम्बल्डनचं जुनं स्टेडियम पाडलं गेलं, कोव्हेंट्रीच्या ब्रँडनला 2016 नंतर स्पर्धा नाही, पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन 2023 मध्ये बंद झाले. म्हणून पाटी स्टेडियमच्या भिंतीत बसवू नका. जागा विकली गेली की ती मलब्यात जाते. सार्वजनिक रस्त्यालगत, पालिकेच्या लेखी परवानगीने लावा, आणि मजकूर घरच्यांकडून तपासून घेतल्याशिवाय खोदायला देऊ नका.

लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात हाय बीचला 19 फेब्रुवारी 1928 ला ब्रिटनमधली पहिली गाजलेली स्पर्धा झाली. तिथे ट्रॅक नाही, तरी फेब्रुवारीत जुने रायडर आणि चाहते जमतात. थंडी मरणाची असते. बसायच्या घडीच्या खुर्च्या आणि थर्मासभर चहा नेलात तर म्हाताऱ्यांकडून हार-तुऱ्यांपेक्षा जास्त दुवा मिळेल.

राख ट्रॅकवर विसर्जित करता येते का?

आयोजक आणि जागेचा मालक, दोघांची परवानगी असेल तर. पण ट्रॅकवर नको, मधल्या हिरवळीवर. ट्रॅकवरची राख पुढच्याच फेरीत ट्रॅक्टर खरवडून कठड्याशी नेऊन टाकतो, आणि ते घरच्यांच्या डोळ्यांदेखत होतं. वाऱ्याची दिशा पाहा, स्पर्धेच्या दिवशी नको, आणि एकाच जागी ढीग केला तर गवत जळतं.

हयात रायडरला भेटायचं किंवा लिहायचं तर?

एकच फोटो पाठवा, मागे तारीख लिहून, सोबत परतीचा पत्ता लिहिलेलं पाकीट. वीस फोटो पाठवणारा विक्रेता असतो हे त्यांना कळतं. डोक्याला मार बसलेल्यांना नावं आठवत नाहीत, म्हणून "ओळखलंत का मला?" असं विचारू नका. आपणच सांगा: अमुक साली, अमुक ट्रॅकवर, तुम्ही बाहेरून गेलात ती हीट. बहुतेकदा चेहरा नाही, पण ट्रॅकचं वळण आठवतं.

पैसे द्यायचे तर कुणाला?

ब्रिटनमध्ये जखमी रायडर्ससाठी स्पीडवे रायडर्स बेनेव्होलंट फंड आहे. जुन्या रायडर्सची स्वतःची जागतिक संघटना आहे, ती मेळावे भरवते. दहा हंगाम पूर्ण केलेल्या रायडरसाठी सन्मान-स्पर्धा भरवायचा जुना रिवाजही आहे. परस्पर कुणाच्या खात्यावर निधी गोळा करू नका. घरच्यांना माहीत नसलेला निधी म्हणजे घरच्यांनाच झालेला मनस्ताप.

भारतातून थेट पाहायचं तर वेळ काय? आणि ही नावं मराठीत लिहायची कशी?

ब्रिटनमधली उन्हाळ्यातली साडेसातची स्पर्धा आपल्याकडे बरोबर रात्री बारा वाजता सुरू होते. पोलंडमधली सातची साडेदहाला.

नावं स्पेलिंग पाहून नव्हे, उच्चार ऐकून लिहा. आयव्हनचं आडनाव मॉगर नाही, मेजर. 1973 चा पहिला पोलिश जगज्जेता श्चाकेल, स्झकझाकिएल नव्हे. व्रोत्सवाफ, होझुफ, गोझुफ: शेवटचा 'फ' खाऊ नका. पोलिश चाहत्याला तुमच्या तोंडून 'गोझुफ' ऐकू आलं की निम्मी ओळख तिथेच होते.